फळ्यामागून बोलायला लावणारे सर

सरांनी मला फसवलं. पुढं शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी मला आणि सरांना, दोघांनाही फसवलं. पहिल्या फसवणुकीचं मी आणि सर बघून घेऊ. दुसरीसाठी हे लिहितो आहे.

मी लिहिणाऱ्यातला नव्हे. उदगीरच्या मोंढ्यात पाठीवर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या आडतीवर मुनीम झालो, मग स्वतःची आडत टाकली. शाळा सातवीत सुटली. जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर. समोरचा कुठं थांबणार हे त्याच्या आधी मला कळतं. चिडतो लवकर, पण चिडून कधी सौदा बिघडवला नव्हता. एकदा बिघडवला, आणि त्यात एका माणसाचं नाव गेलं.

सर देगलूरकडचे. जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. उंच, थोडे वाकलेले, बारा महिने हातात छत्री. ती उन्हात उघडत नसत आणि पावसातही उघडत नसत. फळ्यावरचा शब्द दाखवायला ती होती. चांगला शब्द असला तर छत्रीचं टोक त्याच्याखाली हळूच टेकवायचे. टाकाऊ असला तर फळ्यावर असा ठोका मारायचे की शेजारच्या वर्गातली पोरं दचकायची. रागावले की तोंडात तेलुगू यायचं. "चूडु, चूडु," म्हणजे बघ, बघ, म्हणत पोराची वही त्याच्याच नाकासमोर धरायचे.

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगी बघायला गेलो होतो. विचारलं, तुला काय आवडतं? म्हणली, सगळंच. उठून आलो."

वर्गाच्या दारावर त्यांनी एक पाटी टांगली होती. तिच्यावर रोज एक शब्द. त्या दिवशी तो शब्द बंद. कधी 'खूप', कधी 'अत्यंत', कधी 'थोर'. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने अंगणातल्या लिंबाला एक फेरी घालून यायचं आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची. एका जयंतीच्या दिवशी पाटीवर 'महान' होता. भाषणं करायला उभ्या राहिलेल्या चौदा पोरांपैकी अकरा जण लिंबाभोवती फिरत होते आणि त्यांच्यामागे मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांना कुणी सांगितलं नव्हतं. ते स्वतःच गेले.

ही माझी ऋतुजा त्यांच्या हाताखाली आठवीत गेली. एकुलती एक पोरगी. शाळेतून आली की आईला सांगायची, "आई, भाकरी करपली म्हणू नको, भाकरीला जास्त लागलं म्हण, मग अप्पा चिडत न्हाईत." मला हसू यायचं. माझ्या धंद्यातली अक्कल शाळेत शिकवून राहिलेत, चांगलं आहे, असं वाटायचं.

सरांची भाषण शिकवायची रीत दुसरीकडं कुठं बघितली नाही. भाषण करणाऱ्याला ते फळ्यासमोर उभं करत नसत. लाकडी घोड्यावरचा फळा होता, त्याच्या मागे पाठवत. वर्गाला बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, हात दिसायचे नाहीत, नुसता आवाज. आणि वर्गाला हुकूम असा, की ऐकताना ज्या शब्दाला आतून काहीतरी हललं त्या शब्दाला जागेवर उभं राहायचं. कुणी उठलं की सर भाषण थांबवून विचारायचे, "कोणत्या शब्दाला उठलास?"

पोराला सांगावं लागायचं. नुसतं "चांगलं वाटलं सर" चालत नसे.

ऋतुजाने एकदा सांगितलेलं आठवतं. सरांनी सगळ्यांना एकच गोष्ट दिली होती, गावातल्या बोअरचं पाणी गेलं. एक जण फळ्यामागून म्हणाला, बोअर आटली. कुणी उठलं नाही. दुसरा म्हणाला, बोअरला पाणी राहिलं नाही. कुणी नाही. मागच्या वस्तीवरची एक अबोल पोरगी फळ्यामागं गेली आणि म्हणाली, "आमच्या बोअरनं आता हात वर केलेत." अर्धा वर्ग उठला. सरांनी छत्री बगलेत धरली आणि फळ्याला टेकले. मग म्हणाले, "हिच्या घरी पाणी न्हाई. तुमच्या घरी हाय. म्हणून हिला शब्द सापडला. पण एक ध्यानात ठेवा, ज्याच्या घरी पाणी हाय त्यालाबी शब्द सापडू शकतो. तेव्हा भ्यायचं."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही.

आता त्या सचिवांचं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सचिव साहेब लातूरहून गाडी करून आले होते. मी देणगीदार म्हणून व्यासपीठावर त्यांच्या शेजारीच होतो. ते बोलायला उठले आणि बोलत राहिले. ज्ञानाची गंगा आली, उज्ज्वल भविष्य आलं, सोनेरी पहाट आली. समोर शाळेची सगळी पोरं मांडी घालून बसलेली. दोन वर्षं सरांच्या हाताखालची पोरं. एक हललं नाही. पाऊण तासाने साहेब म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो..."

अख्खी शाळा उठून उभी राहिली.

पोरांनी चेष्टा केली नव्हती. सवयच तशी लागली होती. साहेबांना वाटलं, टाळ्यांच्या ऐवजी मान देऊन राहिलेत. ते हसून हात जोडणार, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पालकाला हसू आवरलं नाही आणि मग मंडपभर पसरलं. साहेबांनी खाली बसता बसता मला विचारलं, "हे काय आहे?" मीच शहाणा, मीच सांगितलं, की सरांची शिकवायची रीत आहे, ज्या शब्दाला वाटेल त्या शब्दाला उठायचं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी सरांकडे एकदा बघितलं. मी सौद्यातला माणूस आहे, ती नजर ओळखायला हवी होती. ओळखली नाही.

तर सरांचा आणि माझा सौदा असा झाला. शाळेला लागून ग्रामपंचायतीची जागा आहे. शाळा ती खेळायला वापरते. मला तिथं वजनकाटा आणि सोयाबीन ठेवायला शेड टाकायचं होतं. आजूबाजूच्या दहा गावांचा माल उदगीरला जातो, तो इथंच उतरला असता. गावाच्या हातांना काम मिळालं असतं. आजही मी हेच म्हणतो. ग्रामसभेचा ठराव लागणार होता. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा होतो, पोरांची भाषणं होतात आणि मग त्याच मंडपात त्याच माइकवर ग्रामसभा बसते. आमच्याकडं तशीच रीत आहे, लोक परत गोळा होत नाहीत म्हणून.

गावात सरांच्या शब्दाला मान होता. त्यांच्या खोलीवर गेलो. ते स्टोव्हवर पिठलं करत होते.

"सर, ठरावाला माझ्या बाजूनं चार शब्द बोला."

"बाजूनं बोलणार न्हाई."

"मग विरोधात बोलू नका."

सरांनी पिठलं ढवळलं. "कबूल. मी तुमच्या विरोधात एक शब्द बोलणार न्हाई. बदल्यात तुम्ही माझ्या नववीला एक तास द्या. येऊन सांगा, मोंढ्यात माणूस कसा वळवायचा. कोणते शब्द टाळता, कोणते वापरता. आमच्या पुस्तकात हे न्हाई."

मी खूश झालो. सातवी नापास माणसाला वर्गात शिकवायला बोलावून राहिलेत. मी हात पुढे केला, त्यांनी हातात हात दिला. त्या सौद्यातलं भोक मला दिसलं नाही, हे लिहिताना अजून लाज वाटते.

पांढरा शर्ट घालून गेलो. ऋतुजा तिसऱ्या बाकावर. आधी अडखळलो, मग एकदा सुटलो तर थांबलो नाही. पोरांना सांगितलं, शेतकऱ्याचं पोतं उघडलं आणि सोयाबीन ओलसर लागलं, तर 'माल ओला हाय' म्हणायचं नाही. म्हटलं की तो पोतं उचलून शेजारच्या दुकानात जातो. म्हणायचं, "मामा, ह्यानं ऊन थोडं कमी खाल्लंय." मामा हसतो. हसला की अर्धं काम झालं. 'भाव कमी करा' म्हणायचं नाही, 'जमवून घ्या' म्हणायचं. 'माझं' म्हणायचं नाही, 'आपलं' म्हणायचं. समोरच्याला कधी खोटा पाडायचं नाही, त्याला स्वतःच्या तोंडून खाली येऊ द्यायचं. आणि आवाज चढवायचा नाही, ज्याचा आधी चढतो तो हरतो.

पोरं वहीत उतरवून घेत होती. सर मागच्या भिंतीला टेकून उभे, छत्री दोन्ही हातांत आडवी.

एका पोराने हात वर केला. "काका, शाळेच्या बाजूच्या जागेला तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "मोकळी जागा."

"मैदान का नाही म्हणत?"

"मैदान म्हटलं की तिथं कुणीतरी खेळून राहिलंय असं वाटतं. मोकळी म्हटलं की काही नाही वाटत." बोलून गेलो. धंद्याचं खरं सांगत होतो. "आणि अजून सोपं करायचं असलं तर 'पडीक' म्हणायचं."

सर पुढे आले. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. मैदान. मोकळी जागा. पडीक जागा. छत्रीचं टोक तिसऱ्या शब्दापाशी नेलं, टेकवलं नाही, ठोकाही मारला नाही. तसंच धरून ठेवलं. "जागा एकच हाय," एवढंच बोलले. घंटा झाली. माझी पोरगी माझ्याकडं बघत नव्हती. वहीत बघत होती.

त्यानंतर एका पहाटे ते नववीच्या सगळ्या वर्गाला त्या जागेवर घेऊन गेले. पोरं, पोरी, सोबत खेळाच्या मॅडम. थंडीचे दिवस, उजाडायला वेळ. काम एवढंच, की तिथं कोण कोण येतं ते बघून वहीत लिहायचं. ऋतुजा स्वेटर घालून निघाली तेव्हा मीच दार उघडून दिलं. "कुठं?" विचारलं. "सरांनी बघायला सांगितलंय." मी परत झोपलो.

सव्वीस जानेवारीला माइक माझा, मंडप माझा, पोरांना वाटायचे लाडूही माझेच. मी पुढच्या खुर्चीवर. सरपंचबाई शेजारी, ग्रामसेवक विषयांचा कागद घेऊन तयार. माझा विषय चौथा होता. आधी पोरांची भाषणं. दोन झाली. तिसरं नाव पुकारलं ते माझ्या पोरीचं.

तिने मला घरी सांगितलं नव्हतं.

तिने विरोधाचा एकही शब्द उच्चारला नाही. 'अन्याय' नाही, 'हिसकावून' नाही. असं काही बोलली असती तर मी तिथंच खोडलं असतं. ती म्हणाली, "आपल्या शाळेच्या शेजारी आपली एक मोकळी जागा आहे." माझेच दोन शब्द, आपली आणि मोकळी. "आम्ही एका पहाटे त्या मोकळ्या जागेत गेलो. अंधार होता. आधी पायांचे आवाज आले. सात मुली पळत होत्या. पोलीस भरतीसाठी. त्यातल्या दोघींच्या पायात चपला होत्या, बूट नव्हते. मग एक आजोबा आले. त्यांचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. रस्त्यावर ट्रक येतात म्हणून ते इथं चालतात. मग दोन बाया शेळ्या घेऊन आल्या. मग उजाडलं." ती थांबली. हात पाठीमागे बांधलेले, नजर माझ्या डोक्यावरून मागच्या लोकांवर. "आम्ही सगळ्यांची नावं वहीत लिहिली. एक पान भरलं. ज्यांना ही जागा मोकळी वाटते त्यांना आम्ही ती वही वाचायला देऊ. जमवून घ्या."

मागून एक म्हातारी उठली. तिची नात त्या सातातली. मग तो ऑपरेशनवाला म्हातारा काठी टेकत उठला. मग पोरं. मग बाया. सरांची पोरं उठायचीच, ती सवय होती. पण गावाला कुणी शिकवलं होतं?

माझं डोकं गेलं. उठलो, माइक ओढून घेतला. "बस खाली," म्हणालो. पोरीला म्हणालो की गावाला, मलाही ठाऊक नाही. माइकमधून ते सगळ्या गावात गेलं. आणि त्या क्षणी मी सौदा हरलो. सौद्यात ज्याचा आवाज आधी चढतो तो हरतो, हे मीच वर्गात शिकवलं होतं. ग्रामसेवकाने चौथा विषय वाचला तेव्हा बाजूने हात किती आले ते मोजायची गरज पडली नाही.

सर मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. मी तसाच गेलो.

"तुम्ही शब्द दिला होता."

"पाळला. मी एक शब्द बोललो न्हाई."

"माझ्या पोरीला माझ्या अंगावर सोडलाव."

"मी तिला जागा दाखवली. शब्द तुम्ही दिलेत अप्पा."

"तुम्ही करार पाळलाव, माणूस न्हाई पाळला."

सरांनी मान खाली घातली. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आठ-दहा दिवस झाले, मी आणि ऋतुजा बोललो नव्हतो. ताट तिची आई पुढं करायची. आत राग नुसता शिजत होता. तशात सचिव साहेबांचा फोन आला. "अप्पा, ऐकलं ते खरं का? देणगीदाराचा असा अपमान? लातूरला या."

गेलो. थंडगार खोली, काचेचं टेबल, चहा. मी जे झालं ते सांगितलं. सरांनी शब्द फिरवला, माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध भाषण करायला लावलं, वर्ग पहाटे मैदानावर नेला, असं सगळं. साहेब मान डोलावत होते. "तुम्ही फक्त सांगा अप्पा. भाषा आमचा क्लार्क बघेल." क्लार्क दुसऱ्या खोलीत टाईप करत होता. साहेब दोनदा उठून तिकडं जाऊन आले. कागद आला. साहेबांनी पेन उघडून हातात दिलं. मी मालाची पट्टी तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही, मोंढ्यात माझी त्याबद्दल चेष्टा होते. त्या दिवशी वाचलं नाही. रागात होतो. सही केली, चहा संपवला, निघालो.

दहा-बारा दिवसांनी मुख्याध्यापक घरी आले. दारातच उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. हातातल्या कागदाची घडी उलगडून पुढे केला.

"अप्पा, हे तुम्ही लिवलाव?"

मी वाचलं. 'सदर शिक्षकाने माझ्या अल्पवयीन मुलीस व तिच्या मैत्रिणींना पहाटेच्या अंधारात निर्जन जागी बोलावून फूस लावली.' त्याखाली आणखी चार ओळी, आणि त्याखाली माझी सही.

निर्जन जागी. मैदानाला मी दोन नावं दिली होती. हे तिसरं मी दिलं नव्हतं.

ऋतुजा मागे येऊन उभी होती. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"अप्पा, यात खोटं काय आहे ते दाखवा."

मी कागदावर बोट ठेवत गेलो. अल्पवयीन, आहे. पहाट, होती. अंधार, होता. बोलावलं, बोलावलं होतं. मला बोट ठेवायला जागा सापडेना.

"पोरं कुठं आहेत यात?" ती म्हणाली. "मॅडम कुठं आहेत? वह्या कुठं आहेत?"

"सरांना निलंबनाचं पत्र गेलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "चौकशी बसणार हाय. ज्या घरात भाड्यानं राहतात ती बाई सकाळीच येऊन म्हणाली, खोली रिकामी करा, माझ्या घरात पोरी हायत."

आणि आता माझ्या घराचं ऐका. गिरणीवर ऋतूच्या आईला बघून बाया गप्प होऊ लागल्या. एक पाहुणी घरात येऊन, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झालं गेलं विसरून जा बाई." काय झालं होतं? सात मुली पळताना तिने बघितल्या आणि एका पानावर लिहिल्या. एवढंच झालं होतं. पण त्या एका वाक्यानंतर गाव तिच्याकडं ज्या नजरेनं बघायला लागलं ती नजर मी पुसू शकत नाही. माझ्या सहीने ती आली.

तडक लातूर गाठलं. सचिव साहेबांनी तासभर बाहेर बसवलं. आत गेल्यावर म्हणालो, "तक्रार मागं घेतो. हे वाक्य माझं न्हाई."

"सही तुमची आहे."

"वाक्य कुणाचं हाय?"

"अप्पा, तुम्ही जे सांगितलं तेच नीट भाषेत मांडलंय. आता मागे घेतली तर खोटी तक्रार केली म्हणून तुमच्यावरच येईल. आणि लोक काय म्हणतील? मुलीसाठी दबावाखाली माघार घेतली म्हणतील. मुलीचं बघा."

मी टेबलावर हात आपटला. काच तडकली. त्याने काही झालं नाही, साहेबांना बोलायला आणखी एक गोष्ट मिळाली.

चौकशी शाळेतच झाली. संस्थेने नेमलेले तिघे जण आले होते, बंद खोलीत एकेकाला बोलावत होते. मी जे खरं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "सही तुमचीच ना?" हो म्हटलं, तर म्हणाले, "ठीक आहे, जा." खेळाच्या मॅडमना दोन मिनिटांत बाहेर पाठवलं. ऋतुजा आत वीस मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तिने सगळं नीट सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सही करायला कागद पुढे केला. तिने वाचला. म्हणाली, "हे माझे शब्द नाहीत. मी 'गेलो' म्हणाले, तुम्ही 'नेण्यात आले' लिहिलंय. मी 'सगळे' म्हणाले, तुम्ही 'मुली' लिहिलंय." ते म्हणाले, अर्थ तोच आहे. तिने सही केली नाही. अहवालात आलं, विद्यार्थिनीने जबाब देण्यास नकार दिला.

सरांना शेवटी बोलावलं. मी खिडकीशी उभा होतो, लपून नव्हे, सरळ उभा. त्यांना तक्रारीतलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि खुलासा विचारला. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस, मला वाटलं आता बोलेल. सर म्हणाले, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंय. एक शब्द वाया गेला न्हाई. ह्या माणसाला शिकवायला माझ्याकडं काही न्हाई." उठले आणि छत्री घेऊन बाहेर आले.

माझा जीव जळाला. त्यांनी तिथं ओरडायला हवं होतं, खडसावायला हवं होतं. असला कसला मास्तर, ज्याला स्वतःसाठी चार शब्द सापडत नाहीत? घराकडे जाताना मी त्यांना हेच बोललो. त्याच आठवड्यात ते देगलूरकडं भावाच्या घरी निघून गेले. बसस्टँडवर सोडायला नववीची पोरं गेली होती. वर्गातल्या मुलींना घरच्यांनी जाऊ दिलं नाही.

ऋतुजा गेली. मी नेलं तिला.

मागच्या महिन्यात देगलूरला जाऊन त्यांना भेटलो. भावाच्या ओसरीवर बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत. चौकशीचा निकाल अजून नाही. पगार निम्मा. शेजारची दोन पोरं शिकवणीला यायची ती बंद झाली, बातमी तिथपर्यंत गेलीच होती. मला बघून हसले.

"अप्पा, अजून म्हणता का, मी फसवलं?"

"हाव. म्हणतो. त्यात बदल न्हाई."

"बराबर हाय. ते राहू द्या तसंच. ते खरं हाय." मूठभर शेंगा माझ्यापुढं सारल्या. "दुसरं जे हाय त्याचं काय करून राहिलाव?"

"तोंडानं सांगून बघितलं. सगळीकडं सांगितलं. कुणी ऐकून घेत न्हाई."

"तोंडानं सांगितलं की दुसरा कुणीतरी लिहून घेतो. आता स्वतः लिहा. तुमच्या भाषेत लिहा. दुरुस्त करायला कुणाकडं देऊ नका, माझ्याकडंबी न्हाई."

म्हणून लिहिलं. ऋतूच्या आईने वाचलं. ऋतुजाने वाचलं, दोन ठिकाणी थांबली.

तर सचिव साहेब, आता तुम्हाला विचारतो. त्या दिवशी तुम्ही दोनदा उठून क्लार्कच्या खोलीत गेलात. 'निर्जन' कुणी घातलं? 'फूस' कुणी घातली? पोरं आणि मॅडम कुणी काढून टाकल्या? तुम्ही घातलंत तर तुम्ही सांगा. क्लार्कने घातलं तर त्याच्या तोंडून येऊ द्या, त्यालाही घरी पोरीबाळी असतील. चौकशीला आलेल्या तिघांनी सांगावं, एका पोरीने वाचून सही नाकारली, तर ती नकाराची ओळ कुणाच्या सांगण्यावरून लिहिली. शिक्षकावर खरंच संशय असता तर तुम्ही त्या दिवशी चहा पाजला नसता, पोलिसांत गेला असता. तुम्ही गेला नाहीत. तुम्हाला एक मास्तर घालवायचा होता आणि त्यासाठी माझी पोरगी वापरलीत.

सही माझी आहे. तिचं उत्तर मी दिलं, गावासमोर दिलं, पोरीसमोर रोज देतो आहे. वाक्य माझं नाही. ज्याचं आहे त्याने माझ्या घरी यावं, माझ्या पोरीसमोर उभं राहावं आणि ते मोठ्याने वाचून दाखवावं.